आजीच्या डब्याचं ऋण
(माजी विद्यार्थी स्नेहमिलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या व्यक्तीमुळे आपण घडलो तिच्याविषयी दहा मिनिटं बोला, असं संयोजकांनी सांगितलं. आपल्या गुरुजनांविषयी आज पुष्कळ बोललं गेलं आणि ते योग्यच आहे. मी बोलणार आहे ती शाळेची पायरी कधीही न चढलेल्या एका बाईविषयी. माझी आजी. तुमच्यापैकी अनेकांनी तिला पाहिलं नसेल, पण तिच्या हातचं खाल्लं मात्र आहे.

आठवा. केळापूर तालुक्यातल्या खेड्यांतून आपण निम्मी मुलं पांढरकवड्याला खोली करून राहत होतो. सकाळच्या एस.टी.ने गावाकडचे डबे यायचे. माझ्या डब्यात ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, तिखटाचा गोळा, कधी मुंगवड्यांचं कालवण. भाकरी नेहमी सहा असायच्या. मी खाणार दोन. एकदा सुटीत विचारलं, "आजी, एवढ्या कायले पाठवते?" ती म्हणाली, "तुह्या संगं कोनाचा डबा चुकला असंन त?" तिच्या हिशेबात डबा चुकलेलं पोरही घरचंच होतं.

तिचा दिवस पहाटे जात्यावर सुरू व्हायचा. गावात चक्की आल्यावर जातं थांबलं, पण ती उठायची वेळ बदलली नाही. सडा, पाणी, गुरांचं शेण, चूल. चुलीत पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे शेतातून कापूस अन् तूर घरी आली की त्यांची काडीसुद्धा कामी यायची. मग वावर. कार्तिकापासून वेचणी. कमरेला फडकं बांधून ती ओळीनं पुढे सरकायची. पांढरा कापूस एकीकडे, किडका कवडी कापूस वेगळा. वाळलेलं पान चिकटलं तर तिथंच काढायची, कारण बाजारात भाव त्या पानावरून पडतो हे तिला ठाऊक होतं. पहिल्या वेचणीला वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादही करायची आणि मगच बोंडाला हात लावायची.

आपण आज ज्याला शेतीशास्त्र म्हणतो, त्यातलं बरंच तिच्या हातात होतं. पेरणीच्या आधी सरकी शेणमातीत घोळून सुकवायची, म्हणजे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत आणि सरत्यातून मोकळे पडतात. डाळी राखेत ठेवायची. कापसाच्या वावरातच धुऱ्याकडेनं अंबाडी, मधे बरबटी, भेंडी, वाळकं. विकायला कापूस, खायला हे. देशात 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, बियाणं पाकिटातून येऊ लागलं आणि सरकी राखायचं काम घरातून गेलं. फवारण्या वाढल्या तशी वावरातली भाजीही कमी झाली. नव्याला मी नावं ठेवत नाही. पण त्या पाकिटासोबत कोणाच्या तरी हातचं ज्ञान निरुपयोगी ठरलं, याची नोंद कुठंच झाली नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. मी नववीत असताना आजोबा गेले. त्या साली पीकही हातचं गेलं होतं. घरात बोलणं सुरू झालं, की पोरीला आता शाळेतून काढावं. आजी दोन दिवस काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी, बाजाराच्या दिवशी, तिनं आपल्या दोन बकऱ्या सोडल्या आणि विकून आली. पैसे वडिलांच्या हाती ठेवत म्हणाली, "ह्या माह्या होत्या. वावर तुमचं असंन, बकऱ्या माह्या होत्या. पोरगी शिकंन." मित्रहो, मी आज इथं उभी आहे ती त्या दोन बकऱ्यांवर.

"वावर तुमचं असंन" हे ती रागानं म्हणाली नव्हती. ते खरंच होतं. चाळीस-पन्नास वर्षं त्या मातीत राबून सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. ते चढलं आजोबा गेल्यावर, वारस म्हणून. नाव लागायला कुंकू पुसावं लागलं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, नवऱ्यांनी जिवंतपणी स्वखुशीनं बायकोच्या नावे जमीन करावी म्हणून. विदर्भातल्याही अनेक घरांनी ते केलं. आमच्या घरी तो विचार उशिरा पोचला. आणि आजही जनगणनेत फक्त घरकाम करणाऱ्या बाईची गणना "काम न करणाऱ्यां"त होते.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी आपल्याला शाळेत भेटल्या. लिहिता-वाचता न येणारी ती कापूसपट्ट्यातलीच शेतकरीण. तिची गाणी घरातल्यांनी लिहून ठेवली म्हणून वाचली. 1951 मध्ये ती गेली. मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक आलं. आज उत्तर महाराष्ट्राचं विद्यापीठ तिच्या नावाचं आहे. लिहून घेणारं कोणी नव्हतं, अशा बहिणाबाई किती असतील? माझी आजी गाणी रचत नव्हती. पण भुलाबाईची गाणी, बाळंतिणीचा काढा, कोणत्या नक्षत्रात काय पेरायचं, सोयऱ्यांच्या चार पिढ्यांची नावं हे सगळं तिला तोंडपाठ होतं. "लिवता येत नाही म्हून का झालं, ध्यानात त राह्यते," असं म्हणायची.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, आपल्या घरात अजून आजी किंवा वयस्कर आई असेल, तर या दिवाळीत तिच्याजवळ वही घेऊन बसा. पदार्थ, गाणी, औषधं, बियाणं, जे सांगेल ते तिच्याच बोलीत लिहा. त्या वह्या आपण शाळेच्या वाचनालयात ठेवू. दुसरी, खेड्यातून येऊन इथं खोली करून राहणाऱ्या मुलींच्या जेवणासाठी आपल्या बॅचनं दरवर्षी काही रक्कम उभी करावी. माझा वाटा मी आजच संयोजकांकडे देत आहे. डबा चुकल्यामुळे एकाही पोरीची शाळा चुकू नये.

आणि घरी गेल्यावर सातबारा काढून पाहा. त्यावर घरच्या बाईचं नाव आहे का, तेवढं बघा. नसेल तर तलाठ्याकडे जायला मुहूर्त लागत नाही.