हतनूरची टिबुकली

पक्षी हे पिसे असलेल्या डायनासोरांचेच वंशज. त्यांपैकी पाण्यालाच घर मानणारी टिबुकली जळगाव जिल्ह्यात तापी-पूर्णा संगमाजवळच्या हतनूर जलाशयावर दिसते. तिचे पाय शरीराच्या अगदी मागे असतात. बदकासारखा सलग पडदा नसतो, प्रत्येक बोटाला रुंद पाळ्या असतात. त्यामुळे बुडी सफाईदार, जमिनीवर चाल मात्र अडखळती. पिसे अंगाशी दाबून, त्यांतली हवा काढून ती आवाज न करता पाण्याखाली उतरते. सर्वांत नवलाची सवय म्हणजे स्वतःचीच पिसे गिळणे. जठरात त्यांचा गोळा होतो आणि माशांचे टोकदार काटे तिथेच अडतात, असे मानले जाते. घरटे पाणवनस्पतींचे, तरंगते. उठताना नर-मादी अंडी ओल्या पाल्याने झाकतात. पट्टेदार पिल्ले आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात.