राष्ट्रांची श्रीमंती आणि माणसाचे हृदय

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हृदयविकार हा श्रीमंतांचा आजार, अशी समजूत मराठी घरांत दोन-तीन पिढ्या चालत आली आहे. ज्याच्या घरी तूप-साखरेला तोटा नाही, ज्याला चार पावले चालण्याचे कारण उरलेले नाही आणि ज्याच्यामागे पेढीच्या वा कचेरीच्या विवंचना आहेत, त्यालाच हा विकार जडतो. कष्टकऱ्याला त्याचे भय नाही, असे मानले जाई. आजाराच्या लौकिकावरून असा निष्कर्ष काढणे किती फसवे असते, याचे एक जुने उदाहरण आहे. क्षयाला ‘राजयक्ष्मा’ असे भारदस्त नाव होते. प्रत्यक्षात तो फिरला चाळींतून, गिरणगावांतून आणि अपुऱ्या अन्नावर जगणाऱ्या कुटुंबांतून. हृदयविकाराची आजची वाटचाल त्याच दिशेने चालली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार २०१९ साली हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी जगात सुमारे १ कोटी ७९ लाख माणसे दगावली. एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण जवळजवळ एक तृतीयांश होते. त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक मृत्यू अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. मग ‘श्रीमंतांचा आजार’ ही समजूत आली कोठून, आणि ती खोटी ठरली कशी?

समजूत निराधार नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत व पश्चिम युरोपात अन्नाची विपुलता झाली, मोटारी आल्या, सिगारेट स्वस्त झाली, आणि पाठोपाठ मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराच्या झटक्याने कोसळू लागले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे वाढलेला होता आणि त्यावर प्रभावी औषध उपलब्ध नव्हते. १९४८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. वाढलेला रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान ही या विकाराची पूर्वचिन्हे आहेत, हे त्या पाहणीतून हळूहळू उलगडत गेले. १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असे. वेतनात फारसे अंतर नसलेल्या, एकाच गाडीवर काम करणाऱ्या दोन माणसांच्या हृदयांत हा भेद होता.

म्हणजे मूळ प्रश्न पैशाचा नसून जगण्याच्या रीतीचा आहे, ही शंका तेथेच डोकावू लागली. १९५८ साली अँसेल कीज यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सात देशांच्या अभ्यासाने ती बळावली. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया आणि जपान या देशांतील ४० ते ५९ वयाचे सुमारे १२,७०० पुरुष त्यात सहभागी होते. हृदयविकाराचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते पूर्व फिनलंडमध्ये. तेथील पुष्कळसे पुरुष जंगलतोड आणि शेती करणारे, अंगमेहनतीचे लोक होते. मात्र त्यांच्या आहारात लोणी आणि साईचे दूध भरपूर असे, भाजीपाला नाममात्र असे, आणि धूम्रपान सर्रास चाले. उलट ग्रीसच्या क्रीट बेटावरील शेतकरी काही धनाढ्य नव्हते. पण भाज्या, कडधान्ये, फळे आणि ऑलिव्हचे तेल यांवर जगणाऱ्या त्या माणसांत हा विकार क्वचितच दिसला. अशा तुलनेवरून एकट्या आहाराला दोषी ठरवता येत नाही, ही टीका या अभ्यासावर झाली आणि ती रास्तही आहे. तरीही एवढे निश्चित झाले, की दारिद्र्य हे हृदयाचे कवच नव्हे आणि श्रम हे सर्व दोषांचे परिमार्जन नव्हे.

याच काळातील आणखी एक अभ्यास महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्या समाजाला विशेष जवळचा वाटावा असा आहे. जपानमध्ये राहिलेले, हवाई बेटांवर स्थायिक झालेले आणि कॅलिफोर्नियात गेलेले, अशा एकाच वंशाच्या जपानी पुरुषांची तुलना संशोधकांनी केली. हृदयविकार जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत त्याहून अधिक आणि कॅलिफोर्नियात सर्वाधिक आढळला. वंश तोच राहिला, देश बदलला, आणि हृदयाचे भवितव्यही बदलले. १९७६ साली मायकेल मार्मट आणि लिओनार्ड साइम यांनी कॅलिफोर्नियातील जपानी समाजाकडे अधिक बारकाईने पाहिले. ज्यांनी आपले परंपरागत सामाजिक संबंध व संस्कृती जपली होती, त्यांच्यातील हृदयविकाराचे प्रमाण जपानइतकेच कमी होते. जे त्या वर्तुळातून पूर्णपणे बाहेर पडले होते, त्यांच्यात ते तीन ते पाच पट होते. आहार, धूम्रपान, रक्तदाब हे घटक हिशेबात घेतल्यावरही हे अंतर उरले. एका अभ्यासावरून फार मोठा सिद्धान्त उभारू नये. परंतु परक्या प्रदेशात माणसाला बांधून ठेवणारे समाजसंबंध आरोग्याच्या दृष्टीने निरर्थक नसतात, एवढे त्यावरून म्हणता येते.

आता या विषयाचा गाभा. केरळात जन्मलेले आणि बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली कॅनडातून एक विशाल अभ्यास चालला. त्याचे २०१४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष १७ देशांतील १,५६,००० हून अधिक व्यक्तींवर आधारलेले होते. श्रीमंत गटात कॅनडा, स्वीडन आणि संयुक्त अरब अमिराती हे देश होते. अल्प उत्पन्नाच्या गटात भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि झिम्बाब्वे होते. हृदयविकाराला निमंत्रण देणाऱ्या घटकांची एकत्रित बेरीज श्रीमंत देशांत सर्वाधिक आणि अल्प उत्पन्नाच्या देशांत सर्वांत कमी भरली. येथपर्यंत जुनी समजूत खरी ठरली. पण झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना व त्यामुळे होणारे मृत्यू मोजले, तेव्हा चित्र नेमके उलटे झाले. श्रीमंत देशांत दर १,००० व्यक्तींमागे वर्षाला अशा सुमारे ४ घटना घडत होत्या. अल्प उत्पन्नाच्या देशांत ६.४. अशी घटना घडल्यावर दगावणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत देशांत ६.५ टक्के होते, तर अल्प उत्पन्नाच्या देशांत १७.३ टक्के. शहर आणि खेडे यांच्या तुलनेतही हेच दिसले. धोक्याचे घटक शहरात अधिक, परंतु मृत्यूचा फटका खेड्याला अधिक.

ज्याच्या अंगी धोका कमी, तोच अधिक संख्येने का मरावा? याच संशोधकांनी २०११ साली दिलेल्या माहितीत उत्तराचा मोठा भाग सापडतो. एकदा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्या रुग्णाने अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन, रक्तदाबाच्या गोळ्या अशी काही औषधे नियमाने घ्यायची असतात. ही औषधे जुनी आहेत आणि बहुतेक स्वस्तही आहेत. श्रीमंत देशांत अशा रुग्णांपैकी यांतील एकही औषध न घेणारे सुमारे ११ टक्के होते. अल्प उत्पन्नाच्या देशांत ८० टक्के. शंभरांतील ऐंशी माणसे पहिल्या इशाऱ्यानंतरही निःशस्त्र होती.

श्रीमंत देशांनी आपला धोका दोन मार्गांनी आटोक्यात आणला. अमेरिकेत १९८० ते २००० या काळात हृदयविकाराचे मृत्यू निम्म्यावर आले. त्या घटीचे विश्लेषण केले असता सुमारे ४७ टक्के श्रेय उपचारांना आणि ४४ टक्के श्रेय धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब यांतील सुधारणेला देता आले. म्हणजे एक हात रुग्णालयाचा आणि दुसरा घराघरांचा. संपत्तीने आधी आजार आणला आणि पुढे त्याच संपत्तीने त्याचा उतारा विकत घेतला. अल्प उत्पन्नाच्या देशांत सिगारेट, गोड पेये, तळलेले पदार्थ आणि बैठे काम श्रीमंतीची वाट न पाहता येऊन पोहोचले. तपासणी, औषधे आणि वेळेवर मिळणारे उपचार मात्र मागे राहिले.

तर मग राष्ट्र श्रीमंत होईपर्यंत वाट पाहायची काय? याचे उत्तर त्याच पूर्व फिनलंडने दिले. तेथील उत्तर कारेलिया प्रांतात तरुण पुरुषांचे इतके मृत्यू होऊ लागले, की १९७१ साली लोकप्रतिनिधींनी शासनाकडे साहाय्याची मागणी केली. १९७२ साली, तिशीही न गाठलेल्या पेक्का पुस्का या डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली उपक्रम सुरू झाला. त्याचा भर मोठ्या यंत्रसामग्रीवर नव्हता. ‘मार्त्ता’ या गृहिणींच्या जुन्या संघटनेने गावोगावी मेळावे भरवून रोजच्या रश्श्यात चरबी कमी आणि भाज्या अधिक कशा घालाव्यात हे शिकवले. दुग्धव्यवसायावर जगणाऱ्या शेतकऱ्यांना बेरीची लागवड करण्यास साहाय्य मिळाले. परिचारिका रक्तदाबाच्या नोंदी ठेवू लागल्या आणि शाळांतून धूम्रपानविरोधी शिक्षण सुरू झाले. चार दशकांत तेथील कमावत्या वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. स्वयंपाकघर, शाळा आणि गावातले दवाखाने यांच्या बळावर हा पालट सुरू झाला, हे विसरता येत नाही.

भारतीयांसाठी हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांच्या एका अभ्यासात पहिल्या झटक्याच्या धोक्याचा पुरुषांत ९० टक्के आणि स्त्रियांत ९४ टक्के भाग केवळ नऊ घटकांशी जोडता आला. तंबाखू, रक्तातील मेदाचा असमतोल, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्यसेवनाचे प्रमाण, हे ते घटक होत. बहुतेक सर्व मोजता येतात आणि बदलता येतात. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आल्याचे दिसले. इतर देशांत हे वय ५९ च्या सुमारास होते. त्रेपन्नावे वर्ष म्हणजे मुलांचे शिक्षण पुरे व्हायचे आहे, घराचे हप्ते फिटायचे आहेत आणि वृद्ध आईवडील अवलंबून आहेत, असा काळ. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज नेमके त्याच उंबरठ्यावर उभे आहेत. साठ वर्षांपूर्वी पहिलीच्या वर्गात बसलेली मुले तर तो केव्हाच ओलांडून गेली.

तेव्हा करण्याजोगे काय? तिशीनंतर रक्तदाब आणि रक्तशर्करा नियमितपणे तपासून घ्यावी; उच्च रक्तदाब बहुधा कोणतीही वेदना न देता वाढतो. डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून परस्पर बंद करू नये. छातीत दाटून येणे, दुखणे हात, मान वा जबड्याकडे सरकणे, घाम फुटणे, धाप लागणे, ही चिन्हे ‘वात धरला असेल’ म्हणून घरगुती उपायांवर सोडू नयेत. प्रत्येक गेलेल्या मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरत असतो. घरातील स्त्री आपले दुखणे सर्वांची पाने वाढून होईपर्यंत मागे ठेवते, हीही सवय आता मोडली पाहिजे. मिठाचे प्रमाण दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा, कमी असावे. लोणचे, पापड, शेव-फरसाण यांतील मीठही त्याच हिशेबात धरावे लागते. तंबाखू बिडीतून येवो, गुटख्यातून येवो वा मशेरीतून, तिला सौम्य रूप नाही.

मराठी स्वयंपाकघराला यासाठी परदेशी आदर्श आणण्याची आवश्यकता नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, पालेभाजी आणि कोशिंबीर, हे ताट क्रीटच्या शेतकऱ्याच्या ताटाहून गुणांनी फार दूर नाही. ते पाहुण्यांपुढे ठेवताना संकोच वाटू नये, एवढाच बदल मनात व्हायचा आहे.

शाळेचे दायित्वही यात आहे. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने बंदी आहे. चरबी, मीठ व साखर अधिक असलेल्या पदार्थांची विक्री शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या ५० मीटरच्या आत करू नये, असाही नियम आहे. कायदा कागदावरून फाटकापर्यंत आणण्याचे काम मात्र पालक आणि शिक्षक यांनाच करावे लागते. खेळाचा तास गणिताच्या उजळणीसाठी मागून घेतला जातो, तेव्हा मुलाच्या पन्नाशीतून काही वजा होत असते, हे दोघांनीही ध्यानी ठेवावे.

हीरक महोत्सव हा संस्थेच्या दीर्घायुष्याचा सोहळा असतो. संस्थेचे आयुष्य तिच्या माणसांच्या आयुष्यावर उभे असते. अमृत महोत्सवाला पंधरा वर्षे उरली आहेत. त्या दिवशी आज येथे बसलेली प्रत्येक खुर्ची त्याच माणसाने भरलेली असावी, यासाठी काय करायचे ते जगाने शोधून ठेवले आहे. त्यातील बहुतांश गोष्टींसाठी राष्ट्र श्रीमंत होण्याची वाट पाहावी लागत नाही.