शाकारणीचा खर्च आणि प्राप्तिकर

मृग जवळ आला की गोव्यात काय अन् बेळगावात काय, भाड्याने दिलेल्या कौलारू घराच्या मालकाकडे भाडेकरूचा निरोप येतो : माजघरात गळते आहे, शाकारणी करून द्या. निवृत्तिवेतनावर चालणारा एखादा गृहस्थ मग कुजलेले वासे बदलतो, कौले परततो, भिंतीस गिलावा करवितो. ५८,००० रुपये जातात. पावत्या जपून ठेवून तो करसल्लागाराकडे जातो आणि तेथे त्यास कळते की, त्यांतील एक रुपयाही भाड्याच्या उत्पन्नातून वजा होत नाही.

दुकानदारास दुकानाच्या दुरुस्तीचा खर्च वजा मिळतो. मग घरमालकाने काय पाप केले? पाप काही नाही. घरभाडे हा उत्पन्नाचा निराळा विभाग असून त्यात प्रत्यक्ष खर्च न पाहता ठरावीक अंश सोडून द्यावयाचा, ही रीत फार जुनी आहे. १९२२ च्या कायद्यात दुरुस्तीसाठी वार्षिक मूल्याचा एकषष्ठांश सोडीत. १९६१ च्या कायद्याने तीच वाट धरली. करनिर्धारण वर्ष २००२-०३ पासून दुरुस्ती, विमा, भाडेवसुली या साऱ्यांबद्दल मिळून सरसकट ३० टक्के सोडले जाऊ लागले. १ एप्रिल २०२६ पासून अमलाचा २०२५ चा कायदाही तेच प्रमाण ठेवतो.

आपल्या गृहस्थाचे भाडे वर्षाला १,२०,००० रुपये. त्याने स्वतः भरलेली घरपट्टी ६,००० वजा जाता उरले १,१४,०००. त्याचे ३० टक्के म्हणजे ३४,२००. खर्च ५८,००० झाला, तरी सूट एवढीच. शेजारच्या मालकाने एक कौलही हलविले नाही, त्याच्या भाडेकरूने पावसाळाभर बादल्या मांडल्या. त्यालाही याच प्रमाणात सूट! नेटक्या मालकास हा न्याय लंगडाच वाटणार. अर्थात ज्या वर्षी शाकारणी नसते त्या वर्षीही हे ३४,२०० सुटतात आणि कोणी पावती मागत नाही, हेही त्याने विसरू नये.

घरपट्टीची वजावट ज्या वर्षी ती मालकाने प्रत्यक्ष भरली त्याच वर्षी मिळते. थकबाकी असली तरी भरल्या वर्षीच. भाडेकरूने भरली तर मालकास नाही. दुरुस्तीसाठी कर्ज काढले असल्यास त्याचे व्याज त्या ३० टक्क्यांखेरीज निराळे वजा होते, मुद्दल मात्र नाही.

गोव्यातील पतिपत्नींची गोष्ट थोडी वेगळी. पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे ज्यांची मालमत्ता समाईक आहे, त्यांचे घरभाडे दोघांत निम्मेनिम्मे धरले जाते. सारे भाडे पतीच्याच नावे दाखविले, तर त्याच्यावर नाहक अधिक कराचा बोजा पडू शकतो.

आणि त्या पावत्या? कौले परतल्याच्या पावत्यांचा प्राप्तिकरास उपयोग नाही. परंतु त्याच गवंड्याकडून मागील अंगास नवी खोली बांधून घेतली असेल, तर तो खर्च सुधारणेचा. घर विकताना भांडवली नफा काढतेवेळी तो वजा धरता येतो. तेवढ्या पावत्या वेगळ्या काढून खरेदीखताबरोबर ठेवाव्यात.