आधी कान, मग हात

(चाकण परिसरातील एका कारखान्याच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात अधिकारी, कामगार आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



येथे येताना मैदानाच्या कडेला ओळीने मांडलेले ढोल पाहिले. व्याख्यान संपले की आपले पथक वाजवणार आहे, असे संयोजकांनी सांगितले. म्हणजे आपण आणि ढोल यांच्यामध्ये आता एकच अडथळा उरला आहे आणि तो या ध्वनिक्षेपकामागे उभा आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. त्यामुळे फार वेळ घेणार नाही.

‘कामाच्या ठिकाणी संघभावना’ असा विषय मला दिला आहे. या नावाखाली अलीकडे बरेच काही चालते. सर्वांना एखाद्या शनिवारी लोणावळ्याला नेतात, रस्सीखेच होते, डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांच्या आधाराने चालायला लावतात. संध्याकाळी एखादा प्रशिक्षक प्रत्येकाच्या हातात आफ्रिकी पद्धतीचा जेंबे देतो आणि तासाभरात दोनशे माणसे एका लयीत वाजवू लागतात. आनंद होतो, हे मी नाकारत नाही. परंतु सोमवारी सकाळी लेखा विभाग आणि भांडार विभाग पूर्वीसारखेच एकमेकांना पत्रे धाडू लागतात. मग दोष कोणाचा? जेंबेचा खचित नाही. तासाभरात जे मिळते ते उत्साहाचे असते. संघभावना ही सरावात तयार होणारी गोष्ट आहे.

पुण्यात पावसाळा लागला की मुठेच्या पात्राकडेला आणि मोकळ्या मैदानांवर ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. हे वादन मूळचे मावळ-मुळशीच्या गावांतले. तेथील मंडळी विसर्जन मिरवणुकीसाठी शहरात येत. पुढे ज्ञानप्रबोधिनीसारख्या शिक्षणसंस्थेने आणि शहरातील शाळांनी विद्यार्थ्यांची पथके उभी केली. आज त्या ओळींत अभियंते, बँकेतील कर्मचारी, डॉक्टर, गृहिणी असे सारे दिसतात आणि मुलींची संख्या तर डोळ्यांत भरण्याजोगी आहे. ढोल कमरेला बांधला की दहा किलोंच्या आसपासचे ओझे घेऊन तासन्‌तास उभे राहायचे. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. पहिल्या आठवड्यात बोटे सोलवटतात आणि चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा उभे राहावे लागते.

ज्यांनी वाजवले आहे त्यांना ठाऊक असेल की वाजवण्यापेक्षा थांबणे कठीण. ताशाने खूण केली की पन्नास ढोल एका क्षणी गप्प झाले पाहिजेत. त्यानंतर पडलेला एकच टोला साऱ्या मैदानाला ऐकू जातो आणि तो कोणाचा, हे विचारावे लागत नाही. कार्यालयात ज्या मुलाच्या रजेच्या अर्जावर साहेबांची सही लागते, तोच मुलगा ताशावर असेल तर साहेबांना त्याच्या मनगटाकडे पाहत राहावे लागते. शिवाय सराव म्हणजे नुसते वादन नव्हे. ढोल उतरवायचे, पान ताणायचे, पावसाची सर आली की धावत ताडपत्री टाकायची, नव्याने आलेल्याच्या पट्ट्याची गाठ मारून द्यायची. माझ्या मते निम्मे काम तेथेच होते.

जपानचे एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. तेथील तैको हे ढोल शतकानुशतके मंदिरांत आणि उत्सवांत वाजत आले. मात्र आज आपण रंगमंचावर पाहतो ते समूहवादन फार जुने नाही. सुवा येथील दाइहाची ओगुची या जॅझ ढोलवादकाने १९५१ मध्ये लहानमोठे तैको एकत्र मांडून एक वृंद बसवला. त्यात सर्वांना एकच बोल दिलेला नव्हता. लहान ढोलाने लय धरून ठेवायची आणि मोठ्याने तिला भार द्यायचा. प्रत्येकाचे काम वेगळे आणि प्रत्येकाला दुसऱ्याची गरज! कारखान्यातल्या माणसांना याहून अधिक स्पष्टीकरण लागू नये.

अमेरिकन इतिहासकार विल्यम मॅकनील १९४१ मध्ये सैन्यात भरती झाले, तेव्हा टेक्सासमधील त्यांच्या तुकडीकडे शिकायला पुरेशी शस्त्रेच नव्हती. वेळ काढायचा म्हणून त्यांना तासन्‌तास कवायत करायला लावत. हा निरर्थक उद्योग आपल्याला चक्क आवडतो, पावले जुळली की एक विलक्षण व्यापक समाधान वाटते, हे त्यांच्या लक्षात आले. अर्धशतकानंतर, १९९५ मध्ये, त्यांनी नृत्य आणि कवायत यांच्या मानवी इतिहासावर एक ग्रंथच लिहिला. पुढे २००९ मध्ये स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ या संशोधकांनी हेच प्रयोगाने तपासले. काही विद्यार्थ्यांना पावलात पाऊल टाकून चालवले, काहींना आपापल्या गतीने. नंतर परस्परविश्वासावर अवलंबून असलेला एक खेळ त्यांना दिला, तेव्हा पाऊल जुळवून चाललेल्यांनी अधिक सहकार्य केले. ऋग्वेदाच्या अखेरच्या सूक्तात आधी बरोबर चालण्याचे, मग बरोबर बोलण्याचे आणि त्यानंतर मने जुळण्याचे मागणे आहे. हा क्रम मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आला आहे.

परंतु याच विल्टरमथ यांनी २०१२ मध्ये केलेले प्रयोग फारसे कोणी सांगत नाही. एका लयीत हालचाल केलेली माणसे दुसऱ्या गटाला कर्कश आवाजाचा त्रास देण्याची विनंतीदेखील अधिक सहजपणे मान्य करतात, असे त्यांना आढळले. म्हणजे लय माणसे जोडते, पण ती कशासाठी जोडायची हे लय सांगत नाही. याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. तो सांगणे मला फारसे सुखाचे नाही.

१९९४ मध्ये मी एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो. तेव्हा मजकूर संगणकावर जुळवला जाई, पण पान हातांनी लागत असे. ब्रोमाइडच्या पट्ट्या ब्लेडने कापून पानावर चिकटवणारा पेस्टिंगचा विभाग खालच्या मजल्यावर होता आणि आम्ही वरच्या. रात्री अकरा वाजता आम्ही मथळा बदलायचा आणि खालून शिव्या ऐकायच्या, असा शिरस्ता होता. कार्यालयाच्या गणपतीत खालच्या मंडळींचे पथक असे. वरचे लोक गॅलरीतून पाहत. दुसऱ्या वर्षी पेस्टिंगच्या फोरमनने मला गॅलरीतून खाली बोलावले आणि माझ्या कमरेला ढोल बांधला. मी जोरजोरात बडवू लागलो, तेव्हा ते कानाशी येऊन म्हणाले, “साहेब, हात नंतर चालवा, आधी कान लावा.”

महिनाभर मी त्यांच्यासोबत सराव केला. त्यानंतर मथळा बदलायचा असला की चिठ्ठी न पाठवता मी स्वतः खाली जाऊ लागलो. एका रात्री त्यांनी पान रोखून मला हाक मारली. दोन छायाचित्रांखालच्या ओळींची अदलाबदल झाली होती आणि त्यातले एक छायाचित्र अंत्ययात्रेचे होते. पूर्वीचे दिवस असते तर ते पान तसेच गेले असते. चूक वरच्यांची, खालच्यांनी का सांगावी?

१९९८ मध्ये पाने थेट संगणकावर लागू लागली. त्या वर्षी व्यवस्थापनाने पथकाला नवे ढोल दिले, सर्वांना एकसारखे सदरे दिले आणि आरतीनंतर ‘आपण एक कुटुंब आहोत’ असे भाषणही झाले. आम्ही सारे जीव ओतून वाजवलो. अनंत चतुर्दशीनंतर पंधरवड्यात पेस्टिंग विभाग बंद झाल्याची सूचना फलकावर लागली. यंत्र यायचेच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या माणसांना दुसरे काम शिकवता येईल का, हे कोणी विचारले नाही. त्यांच्या बरोबरीने ढोल वाजवलेल्या आम्ही वरच्या मजल्यावरच्या लोकांनीही विचारले नाही. मीही विचारले नाही. फोरमन जाताना माझ्या टेबलाशी आले, हात जोडले आणि गेले.

तेव्हापासून पंढरीच्या वारीतली एक प्रथा मला वारंवार आठवते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरतीला साऱ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगांचा प्रचंड घोष चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतो आणि तो सारा समुदाय शांत होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो आणि तक्रार ऐकून घेतो. कोणाचे काही हरवले असेल, कोणाला पाणी मिळाले नसेल. तिची दखल घेतली जाते आणि मग टाळ थांबतात. शिस्तीचे एवढे मोठे दर्शन आणि त्याच शिस्तीत न थांबण्याची मुभा! ज्या टाळाने माणसे एक होतात, त्याच टाळाने ‘आमचे ऐका’ असेही म्हणता येते. आमच्या कार्यालयात ढोल होते, सदरे होते, हा चोपदार नव्हता.

म्हणून पथक चालवणाऱ्या आपल्या मंडळींना माझे दोनच प्रश्न आहेत. पहिला अगदी साधा आहे: सरावाला कानात बोळे वापरता का? यंत्रांच्या आवाजात आठ तास काढलेल्या कानांवर पुन्हा ढोलांचा मारा होतो. ऐकू येणेच उणावले, तर लागायचा कान आणायचा कोठून?

दुसरा प्रश्न थोडा अवघड आहे. मघाशी फाटकातून आत येताना रखवालदारांच्या खोलीजवळ एक तरुण बोटांनी पत्र्यावर ठेका धरून उभा होता. ठेका पक्का होता. ‘पथकात आहेस का?’ असे विचारले. तो म्हणाला, “नाही सर, मी कंत्राटी आहे. पथक पर्मनंटवाल्यांचं आहे.” भोजनाच्या वेळी मी हे आपल्या व्यवस्थापकांच्या कानावर घातले. त्यांनी विम्याची अडचण सांगितली आणि ती खरी असेल. सोमवारच्या बैठकीत हा विषय घेतो, असेही ते म्हणाले. ते येथे पहिल्या रांगेत बसले आहेत आणि तो तरुण मागच्या दाराशी उभा आहे.

आता ढोल बांधा. मी त्या बाजूला, कडेला बसून ऐकतो.