आभारप्रदर्शन आधी



आपल्या प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत शेवटचा विषय आभारप्रदर्शनाचा असतो. तो मांडायला कार्यकर्ता उभा राहतो, तेव्हा निम्मी मंडळी चपला शोधत असतात आणि उरलेल्यांचे लक्ष चहाकडे असते. घरातही आपण हाच क्रम पाळतो. माणसाचे गुण आठवायला शोकसभा लागते. म्हणून आज मी हा शेवटचा विषय आधी घेणार आहे.

मी साहित्यिक नाही. आपल्या बेळगावात शहापूर भागात पस्तीस वर्षे साबुदाण्याच्या गोळ्या देत बसलेला डॉक्टर आहे. आमच्याकडे गोळी देण्याआधी केस घ्यावी लागते. हानेमान यांच्या ‘ऑर्गॅनन’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८१० साली निघाली. त्या ग्रंथात केस घेण्याची पद्धत सांगितली आहे. रोग्याला मनमोकळे बोलू द्यावे, मध्ये तोडू नये, त्याच्याजवळ राहणाऱ्यांचेही ऐकावे. मग आम्ही विचारतो : तहान किती लागते? कोणत्या कुशीवर झोपता? घाम कुठे येतो? गोड आवडते की आंबट?

गंमत अशी की, पुष्कळ पुरुषांना स्वतःची तहान ठाऊक नसते. ते बायकोकडे बघतात, “हिलाच विचारा.” आणि ती सांगू लागते, “उशाशी तांब्या भरून लागतो, पण पितात दोनच घोट. थंडीतसुद्धा पाय पांघरुणाबाहेर.” सुरुवातीला मी हे फक्त लक्षण म्हणून लिहून घेत असे. त्याची किंमत मला एका वृद्ध गृहस्थांनी शिकवली. ते एकटेच आले होते. मी विचारले, “झोपेत बोलता का?” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “आता सांगणार कोण, डॉक्टर?”

आपली तहान आपल्याआधी ज्याला कळते असे माणूस घरात असणे, याहून मोठे सुख मला ठाऊक नाही. पण हे शहाणपण माझ्या घरी पोचायला फार उशीर लागला.

आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम. आई-वडिलांनी तो पाळला, माझी पत्नीही पाळते. मी मात्र दवाखान्याची सबब सांगून तो मोडला. रात्री साडेनऊला घरी येई. तोवर तिचे जेवण होऊन तीन तास उलटलेले असत. तरी ती भाकरी गरम करी, ताट वाढी आणि माझे जेवण होईपर्यंत समोर बसून राही. ती काही खात नसे, पाणीसुद्धा घेत नसे. मी दिवसभराच्या पेशंटच्या तक्रारी सांगे, ती ऐके. हे किती वर्षे चालले, ते मी कधी मोजले नाही.

काही वर्षांपूर्वी ती आजारी पडली. तिला रुग्णालयात दाखल केले. तिथल्या तरुण डॉक्टरने मला विचारले, “यांची भूक कधीपासून कमी झाली?” मला सांगता येईना. “वजन उतरल्याचे लक्षात आले नाही का?” नव्हते आले. हजारो लोकांची भूक, तहान, झोप लिहून घेतलेला मी खाली बघत उभा राहिलो. उत्तर पुण्याहून मुलीने फोनवर दिले, “दिवाळीपासून आई अर्धीच भाकरी खाते. बाबा, तुम्हाला दिसलं नाही?” शस्त्रक्रिया झाली आणि ती बरी होऊन घरी आली. श्रेय त्या शल्यविशारदाचे, माझ्या गोळ्यांचे नाही.

आम्हा दिगंबर जैनांचे दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीला संपते. त्यानंतर क्षमावाणी. त्या दिवशी आम्ही लहानथोर सगळ्यांची क्षमा मागतो. त्या वर्षी मी पत्नीपुढे हात जोडले आणि जन्मात प्रथमच नेमकी कशाची क्षमा, ते सांगितले. म्हटले, “तुझी अर्धी भाकरी मला दिसली नाही.” तिने डोळ्याला पदर लावला. मग मी म्हणालो, “आणि रोज समोर बसायचीस, त्याबद्दल आभार.” त्यावर मात्र ती रागावली. “आभार कसले मानता? परकी आहे का मी?”

तिचे खरे होते. मराठी घरात आभार हा शब्द पाहुण्यासारखा वावरतो. आपण प्रेम दुसऱ्याच शब्दांत बोलतो. निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आमचे कन्नड शेजारीही ‘जाऊन येतो’ असेच म्हणतात. ‘जेवलास का’, ‘पोचल्यावर फोन कर’, ही आपली आभाराची भाषा. ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या पाचव्या अध्यायात उमास्वामींनी जीवांचे एकमेकांवर उपकार करणे सांगितले आहे. तिथे त्यांनी योजलेला शब्द आहे ‘उपग्रह’. आज आपल्याला त्या शब्दाने आकाशात फिरणारे यंत्र आठवते. मूळ अर्थ आहे आधार देणे, साहाय्य करणे. हा उपकार शब्दांनी फिटत नाही. ज्याने आपल्याकडे लक्ष दिले, त्याच्याकडे आपणही लक्ष द्यावे, एवढेच हातात असते.

म्हणून डॉक्टर या नात्याने माझी एकच विनंती. आज घरी गेल्यावर एका माणसाची केस घ्या. आई असेल, भाऊ असेल, सून असेल. तिला हल्ली झोप लागते का? त्याला चहा पूर्वीसारखा गोड लागतो का? विचारण्याआधी उत्तर स्वतःला येते का, ते पाहा. येत असेल तर तुम्ही भाग्यवान. येत नसेल, तर माणूस अजून समोर आहे, हे भाग्यही लहान नाही.

हिवाळ्यात बेळगावात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. मी आता पाच वाजता दवाखान्याचे दार ओढून घेतो. थोडे पेशंट कमी झाले आहेत. घरी दोन ताटे एका वेळी वाढली जातात, आणि तिने भाकरी किती खाल्ली, ते मी न बोलता मोजतो.