बर्फावरची हॉकी : एका खेळाच्या लोकप्रियतेचा धडा

(संस्थेच्या वार्षिक क्रीडादिनी पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)
— सहशिक्षक, बी. ए., बी. एड.



क्रीडादिनी हॉकीचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे मेजर ध्यानचंद उभे राहतात. मी मात्र आज बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीविषयी बोलणार आहे. आपल्याकडे बर्फ दिसतो तो मासळीच्या पेटीत, नाहीतर सरबताच्या गाडीवर. मग हा विषय कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की, कडाक्याच्या थंडीत वाढलेला हा खेळ आज वाळवंटातल्या शहरातही लोक तिकिटे काढून पाहतात. हे कसे घडले, यात आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेला शिकण्यासारखे बरेच आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख. मैदान सुमारे २०० फूट लांब व ८५ फूट रुंद. त्याला रिंक म्हणतात. एका बाजूला गोलरक्षकासह सहा खेळाडू. चेंडूऐवजी ‘पक’ नावाची कडक रबराची चकती असते, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची. सामन्यापूर्वी ती गोठवून ठेवतात, म्हणजे ती उसळत नाही. खेळाडूंच्या पायांत पात्यांचे बूट. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. वेग इतका की खेळाडू पाऊण-एक मिनिटात दमतो, बाहेर येतो, आणि खेळ चालू असतानाच दुसरा आत उतरतो. हा वेगच या खेळाचे पहिले आकर्षण होय.

३ मार्च १८७५ रोजी कॅनडातील माँट्रियल शहरात बंदिस्त रिंकवर पहिला संघटित सामना झाला. १८९२ मध्ये तेथील गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी एक चषक दिला. तो स्टॅन्ले चषक आजही व्यावसायिक हॉकीतील सर्वोच्च मान आहे. १९१७ साली नॅशनल हॉकी लीग स्थापन झाली. १९६७ च्या विस्तारापूर्वी तिच्यात केवळ सहा संघ उरले होते; आज बत्तीस आहेत.

हा विस्तार कशाने झाला? पहिले उत्तर आहे विज्ञान. काँक्रीटच्या फरशीखालून नळ्या टाकायच्या, त्यांतून अतिथंड मिठाचे पाणी फिरवायचे आणि वर पाण्याचे पातळ थर गोठवायचे. एवढ्याने उन्हाळ्यातही बर्फाचे मैदान तयार होते. बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र फ्रँक झांबोनी यांनी १९४९ मध्ये तयार केले, तेही कॅलिफोर्नियासारख्या उबदार प्रांतात! निसर्गाने जे दिले नाही, ते माणसाने अभ्यासाने मिळवले.

दुसरे कारण गुणवंत खेळाडू. १९८८ मध्ये वेन ग्रेट्स्की हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू एडमंटन सोडून लॉस एंजेलिसला गेला. तेथील गर्दी वाढली आणि पुढील काही वर्षांत सॅन होजे, ॲनाहाइम, डॅलस अशा उष्ण शहरांतही संघ आले. वाळवंटातील लास व्हेगासचा संघ २०१७ मध्ये मैदानात उतरला आणि २०२३ मध्ये स्टॅन्ले चषक जिंकून बसला. २०२४ व २०२५ असा लागोपाठ दोनदा हा चषक फ्लोरिडाने पटकावला. उलट खेळाचे माहेर असलेल्या कॅनडाच्या संघाने १९९३ मध्ये जिंकल्यावर पुढची तीस वर्षे चषक कॅनडात आला नाही.

तिसरे कारण मला शिक्षक म्हणून फार मोलाचे वाटते. २००८ पासून कॅनडात या सामन्यांचे धावते वर्णन पंजाबीतून होऊ लागले. ज्या आजी-आजोबांना इंग्रजी समजत नव्हते, तेही नातवंडांबरोबर सामना पाहू लागले. मातृभाषेतून सांगितले की परका विषयही घरचा होतो.

चौथे कारण म्हणजे उघडलेली दारे. १९५८ साली विली ओ’री हा या लीगमधील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. १ जानेवारी २०२४ रोजी स्त्रियांची नवी व्यावसायिक लीग सुरू झाली आणि त्याच वर्षी २० एप्रिलला माँट्रियलमध्ये तिच्या एका सामन्याला २१,१०५ प्रेक्षक आले. मुलींचा खेळ कोण पाहणार, या प्रश्नाला मिळालेले हे उत्तर आहे.

आणि नाझिम काद्री. लेबनॉनहून कॅनडात स्थायिक झालेल्या मुस्लिम कुटुंबातला हा मुलगा. मे २०२२ मध्ये सामन्यातील एका धडकेनंतर त्याला वंशद्वेषी धमक्या आल्या. त्याने पुढच्याच सामन्यात तीन गोल करून उत्तर दिले. नंतर अंगठ्यावर शस्त्रक्रिया झाली, तरी तो अंतिम फेरीत खेळला आणि चौथ्या सामन्यात त्याने विजयी गोल केला. स्टॅन्ले चषक जिंकणारा तो पहिला मुस्लिम खेळाडू. ऑगस्टमध्ये त्याने तो चषक आपल्या लंडन (ऑन्टॅरिओ) गावच्या मशिदीत नेला.

पालकहो, आता तुमच्या मनातला प्रश्न मीच विचारतो : खेळाने पोट भरते काय? खरे ते सांगितले पाहिजे. बत्तीस संघांत मिळून खेळाडूंच्या जागा सुमारे सातशे. दरवर्षी जगभरातून निवडले जातात २२४ तरुण, आणि त्यांतलेही अनेक वरपर्यंत पोहोचत नाहीत. शिवाय खेळ महाग. पात्यांचे बूट, शिरस्त्राण, अंगावरची कवचे, रिंकचे भाडे. मूल वाढले की सारे पुन्हा नवे. खुद्द कॅनडातही गरीब घरची मुले यामुळे मागे राहतात. डोक्याला इजा होण्याचा धोका आहेच. म्हणून ‘अभ्यास सोडा आणि खेळा’ असे मी कधीच म्हणणार नाही.

पण प्रेक्षक वाढले म्हणजे खेळ वाढला असे नव्हे. मैदानात उतरण्याची संधी किती मुलांना मिळते, हे खरे माप. आपल्याच देशातील लडाखकडे पाहा. तेथे हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर मुली हॉकी शिकल्या. डेहराडूनला २०११ साली मोठी रिंक उभी राहिली खरी, पण ती अनेक वर्षे बंद होती; २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. अशा स्थितीत भारतीय महिला संघ २०१६ मध्ये प्रथम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. २०१७ मध्ये बँकॉकला त्यांनी फिलिपाइन्सला ४-३ असे हरवून पहिला विजय मिळवला. २०२५ च्या आशिया चषकात, संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे, त्यांनी कांस्यपदक जिंकले. या संघाचे गोल सांभाळणाऱ्यांत लेहची नूरजहाँ होती. तिच्याही घरी आई-वडील होते, लोक काय म्हणतील ही चिंता असणारच. तरी दार उघडले गेले.

आपल्या शाळेत बर्फ नाही, पण मैदान आहे. आठवीनंतर किती मुली त्या मैदानावर दिसतात, हे आपण प्रत्येकाने मनाशी मोजावे. मुलीचा अभ्यास बुडावा अशी माझी विनंती नाही. आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यावर एक तास, शिक्षिकेच्या देखरेखीखाली तिला खेळू द्या. त्यातून पदक मिळेलच असे नाही. पण पडल्यावर उठणे, हरल्यावर समोरच्याचा हात हातात घेणे आणि आपल्या जागी ठाम उभे राहणे ती शिकेल. हे शिक्षण पुस्तकातून देणे आम्हा शिक्षकांना जमत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, वाळवंटात बर्फ गोठवणारी माणसे आपल्यासारखीच होती. त्यांनी अडचण पाहून पाठ फिरवली नाही, एवढेच.