गावाला नाव देणारं फळ



आपण राहतो त्या सास्कॅचेवान प्रांतातल्या सर्वांत मोठ्या शहराचं नाव एका रानफळावरून पडलं आहे. इथले मूळनिवासी क्री लोक त्याला ‘मिसास्क्वाटूमिना’ म्हणतात. १८८२ साली जॉन लेक वसाहतीसाठी जागा शोधत इथे आले आणि नियोजित गावाला त्यांनी या फळाचंच नाव दिलं : सास्कटून.

मे महिन्यात नदीकाठच्या उतारांवर पांढऱ्या फुलांनी लगडलेली झुडपं तुम्ही पाहिली असतील. अरुंद पाकळ्या पाचच, पण फुलोरा दाट. जुलैत त्यांच्या जागी काळी-जांभळी फळं येतात. ती हातात घेतली की आपल्याला करवंदं आठवतात. पण या झुडपाला काटे नाहीत आणि फळाला चीक नाही. त्याचं नातं सफरचंदाशी आहे. फळाच्या टोकाशी सफरचंदासारखाच फुलाचा वाळका मुकुट राहिलेला दिसतो.

हे झुडूप उणे ५० अंशांची थंडीसुद्धा सोसतं. दिवस लहान होऊ लागले की ते वाढ थांबवतं, पानं गाळतं. पेशींतलं पाणी हळूहळू बाहेर झिरपतं, त्यामुळे बर्फ पेशीच्या आत न होता बाहेरच्या पोकळीत होतो आणि जीव वाचतो. हीच फांदी वसंतात फुलली की मात्र उणे तीन अंशांचं दहिवरही फुलं जाळून टाकतं. म्हणजे त्याची सगळी ताकद ऋतू ओळखून वागण्यात आहे.

या मातीतल्या माणसांनाही या फळांचा ऋतू नेमका कळत होता. क्री आणि मेटी लोक बायसनचं वाळवलेलं मांस कुटून त्यात वितळवलेली चरबी घालत, आणि पुष्कळदा ही सुकवलेली फळंही. हेच पेमिकन. महिनोन्‌महिने टिकणाऱ्या या शिदोरीवर फरच्या व्यापाऱ्यांच्या होड्या चालल्या. १८१४ मध्ये रेड रिव्हर वसाहतीच्या गव्हर्नरनी पेमिकन बाहेर नेण्यावर बंदी घातली, तेव्हा त्यावरून मोठा संघर्ष पेटला.

आपण गावाकडून येताना मसाले आणतो, लोणची आणतो. ते प्रेम असूच द्या. पण आपली मुलं या मातीत वाढत आहेत, त्यांचा रानमेवा हा आहे. परसात उन्हाची, पाणी न तुंबणारी जागा पाहून ‘स्मोकी’ किंवा ‘थिसेन’ जातीचं एक रोप लावा. एकट्या झुडपालाही फळ धरतं, तीन-चार वर्षांत पहिली फळं मिळतात. रानातली तोडायची तर जाणकार माणसाला सोबत घ्या आणि पाखरांचा वाटा फांदीवर राहू द्या. पहिली ओंजळ मुलांच्या हातात ठेवाल, तेव्हा त्यांना करवंदाची गोष्ट जरूर सांगा. आणि त्याआधी या फळाचं क्री नाव शिकवा.